आईला अल्झायमर झाला, म्हणजे मला होणारच का?

विदर्भात आनुवंशिक आजार म्हटलं की पहिलं नाव सिकलसेलचं. शाळेत, आश्रमशाळेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेतात, चाचणी पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची तपासणी करतात, आणि मग उत्तर हातात पडतं: एए (आजार नाही), एएस (वाहक) किंवा एसएस (आजारी). लग्न जुळवताना "पॅटर्न काय आहे जी?" असं आता खेड्यातली आजीसुद्धा विचारते. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक, हे गणित इथल्या आशाताईंना तोंडपाठ आहे.

या जागरूकतेचा विदर्भाला फार उपयोग झालाय. पण त्यातून एक सवय लागली आहे. आईला किंवा वडिलांना अल्झायमरचं निदान झालं की मुलं त्याच सुरात म्हणतात, "आमची पण जीनची टेस्ट करून टाका, आहे का नाही एकदाचं कळू द्या." प्रश्न रास्त आहे आणि त्यामागची धास्ती खरी आहे. फक्त अल्झायमरच्या बहुतेक घरांमध्ये असा 'आहे-नाही'चा रिपोर्ट निघतच नाही. तिथे आधी वंशावळ काढावी लागते, वयं विचारावी लागतात, कान आणि रक्तदाब तपासावा लागतो. जनुकाचा नंबर बराच नंतर लागतो.

अल्झायमर घराण्यात दोन वाटांनी उतरतो. पहिली वाट फार थोड्यांची, शंभर रुग्णांत एकाहूनही कमी. त्यात तीन जनुकं येतात: एकविसाव्या गुणसूत्रावरचं एपीपी, चौदाव्यावरचं प्रेसेनिलिन-१ आणि पहिल्यावरचं प्रेसेनिलिन-२. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या तिघांपैकी एकात घातक बदल असला की एकच प्रत पुरते. सिकलसेलमध्ये एएस माणूस बहुधा ठणठणीत राहतो, कारण दुसरी चांगली प्रत त्याला सांभाळून घेते. इथे तसं होत नाही. मुलाकडे तो बदल येण्याची शक्यता निम्मी. आला तर आजार जवळजवळ ठरलेला, आणि तोही बहुधा पासष्टीच्या आत, कित्येकदा चाळिशी-पन्नाशीतच.

याचं सर्वांत मोठं उदाहरण कोलंबियातल्या अँटिओक्विया प्रांतात आहे. तिथल्या डोंगराळ गावांमधल्या एका विस्तारित घराण्यात प्रेसेनिलिन-१ मधला एकच बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलाय. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी या घराण्याचा कित्येक दशकं अभ्यास केला. तो बदल असलेल्यांची स्मृती साधारण ४४व्या वर्षी डळमळू लागते आणि ४९च्या सुमारास स्मृतिभ्रंश पूर्ण दिसतो. पण त्याच घराण्यातली एक स्त्री सत्तरीपर्यंत धड राहिली. २०१९ मध्ये तिच्याविषयी शोधनिबंध आला, तेव्हा कळलं की तिच्याकडे एपीओई या दुसऱ्याच एका जनुकाचा 'क्राइस्टचर्च' नावाचा दुर्मीळ प्रकार होता, आणि तोही दोन प्रतींत. एका जनुकानं जवळजवळ ठरवून टाकलेलं दुसऱ्यानं तीसेक वर्षं लांबवलं. जनुकांची भाषा इतकी गुंतागुंतीची असते, हे या एका बाईमुळे साऱ्या जगाला दिसलं.

याच वाटेवर डाउन सिंड्रोम असलेली माणसंही येतात. त्यांच्याकडे एकविसावं गुणसूत्र तीनदा असतं, म्हणजे एपीपी जनुकही तीनदा. चाळिशीपर्यंत त्यांच्या मेंदूत अमिलॉइडचे (एपीपीपासून बनणाऱ्या, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे) थर साचलेले असतात. घरात डाउन सिंड्रोम असलेला पस्तिशी-चाळिशीचा भाऊ किंवा बहीण असेल आणि येणारी कामं हळूहळू सुटत असतील, तर "तो तसाच आहे" म्हणून सोडून देऊ नका. आधी थायरॉइड तपासा, कारण या लोकांमध्ये तो बिघडण्याचं प्रमाण मोठं आहे आणि गोळीनं सुधारतो. मग स्मृतीची तपासणी करा.

दुसरी वाट बाकी सगळ्यांची. सत्तरी-पंच्याहत्तरीत विसरायला लागलेली आई बहुधा याच वाटेवरची असते. इथलं सर्वांत वजनदार जनुक म्हणजे एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं एपीओई. मेंदूत कोलेस्टेरॉल इकडून तिकडे नेणारं प्रथिन या जनुकावरून बनतं. त्याचे तीन प्रकार: ई२, ई३ आणि ई४. २९९ अमिनो आम्लांच्या साखळीत फक्त ११२ आणि १५८ या दोन जागांवरच त्यांच्यात फरक. ई४ अमिलॉइडचा निचरा नीट होऊ देत नाही, ई२ असेल तर निचरा जास्त चांगला होतो, ई३ मधला. ई४ चा अल्झायमरशी संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटानं दाखवला. त्या वर्षी ४२ कुटुंबांचा जो अभ्यास छापून आला त्यात ई४ नसलेल्यांत आजार सरासरी ८४व्या वर्षी, तर दोन प्रती असलेल्यांत ६८व्या वर्षी सुरू झालेला होता. हे आकडे इंटरनेटवर अजूनही फिरतात आणि माणसं घाबरतात. ती ४२ कुटुंबं मुळातच आजार जास्त असलेली म्हणून निवडली होती. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही घराला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सर्वसाधारण लोकांसाठी २०११चा एक युरोपीय अंदाज जास्त कामाचा आहे. ८५ वर्षांपर्यंत अल्झायमर होण्याची शक्यता, जनुक न पाहता, पुरुषांत ११ टक्के आणि स्त्रियांत १४ टक्के. ई३/ई४ असेल तर पुरुषांत २३ आणि स्त्रियांत ३०. ई४/ई४ असेल तर ५१ आणि ६०. म्हणजे एक प्रत असलेल्या शंभर बायका घेतल्या, तर ८५व्या वर्षापर्यंत सत्तरजणींना हा आजार झालेला नसतो. उलट अल्झायमर झालेल्या कितीतरी लोकांकडे ई४ ची एकही प्रत नसते. सिकलसेलमध्ये एए माणसाला सिकलसेल होत नाही. इथे ई४ नसलेल्याला अल्झायमर होऊ शकतो. रिपोर्ट हातात घेण्यापूर्वी हे एवढं डोक्यात पक्कं बसवा.

आणि ते आकडेही युरोपीय लोकांचे. ई४ सगळीकडे सारखा वागत नाही. १९९७ मध्ये अनेक देशांतली माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ई३/ई४ असलेल्या गोऱ्या लोकांत जोखीम सुमारे तिप्पट आढळली, जपान्यांत साडेपाचपट, तर आफ्रिकन अमेरिकन लोकांत जवळजवळ वाढच नाही. जनुक तेच, परिणाम वेगळा. २०२२ मध्ये अल्झायमरशी जोडलेल्या ७५ जागांची यादी आली, पण तीसुद्धा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेली. म्हणूनच एखादी कंपनी थुंकीचा नमुना घेऊन "तुमचा पॉलिजेनिक स्कोअर (अनेक जनुकांवरून काढलेला जोखमीचा एकत्रित आकडा) इतका" असं सांगत असेल, तर तो स्कोअर नागपूरच्या माणसासाठी तपासून घेतलेला नाही असंच धरून चाला. भारतीयांची माहिती आता कुठे गोळा होते आहे. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांच्या जीनोमचा (संपूर्ण डीएनएच्या माहितीचा) साठा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, आणि ज्येष्ठांच्या स्मृतिभ्रंश-पाहणीतल्या २,७६२ भारतीयांचे संपूर्ण जीनोमही वाचून झालेत.

आपल्याकडचा जुना आणि भक्कम अभ्यास हरयाणातल्या बल्लभगढचा. तिथल्या गावांमध्ये ६५ वर्षांवरच्या हजार लोकांमागे वर्षाला ४.७ नवे रुग्ण सापडले. तुलनेसाठी घेतलेल्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या मोनोंगाहेला खोऱ्यात १७.५. एपीओईच्या सगळ्या प्रतींमध्ये ई४ चं प्रमाणही बल्लभगढला कमी होतं, ०.०७, तिकडे ०.११. पण ई४ असलेल्याची जोखीम दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात वाढत होती. ०.०७ वरून हिशेब केला तर साधारण शंभरात तेरा जणांकडे ई४ ची एक प्रत आणि दोनशेत एखाद्याकडे दोन. घरात अल्झायमर असेल तर हे प्रमाण अर्थातच वाढतं.

बल्लभगढचे आकडे वाचून "आपल्याला होतच नाही हा आजार" असं म्हणण्याची एक लाट आली होती, हळदीला श्रेय देणारे लेख तर ढिगानं निघाले. ती समजूत टिकली नाही. २०२३ मध्ये आलेल्या लासी-डॅड या देशभराच्या पाहणीत ६० वर्षांवरच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे ८८ लाख माणसं. त्यात अल्झायमर आहे, रक्तवाहिन्यांमुळे होणारा आहे, दोन्ही मिळून होणारा आहे. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे आकडे एकमेकांवर ठेवून वाचू नयेत. पण आपल्याकडे हा आजार नाही, असं आता कुणीही म्हणू नये.

आता वय. सगळ्या जनुकांना मागे टाकणारी गोष्ट हीच. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी जोखीम साधारण दुप्पट होत जाते. म्हणून वयात पाच वर्षांची चूक म्हणजे अंदाजात दुपटीची चूक. आणि आपल्या ज्येष्ठांच्या वयात अशा चुका पावलोपावली. आधार कार्डावर १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर १ जून किंवा १ जुलै, ही गुरुजींनी नाव घालताना टाकलेली तारीख. शाळेतच न गेलेल्या आजीचं वय तर अंदाजपंचेच.

वंशावळ काढताना तारीख विचारू नका, प्रसंग विचारा. नागपुरात यासाठी पक्के खांब आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, तेव्हा तुम्ही कडेवर होता की चालत गेला होता? त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूरचं राजधानीपण गेलं, ते आठवतं का? १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा शाळेत होता का? १९६२ ची चीनची लढाई, १९६५ ची पाकिस्तानची, १९७२ चा दुष्काळ: तेव्हा लग्न झालं होतं का, पहिलं मूल मांडीवर होतं का? असे दोन-तीन प्रसंग जुळले की वय वर्ष-दोन वर्षांच्या आत येतं. जुन्या गोष्टी अल्झायमरमध्ये बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात, त्यामुळे आजारी माणसालाही हे विचारता येतं. तरी धाकट्या बहिणीकडून किंवा नणंदेकडून एकदा पडताळून घ्या.

मग एक मोठा कागद घ्या आणि तीन पिढ्या मांडा. आई-वडील, त्यांची भावंडं, दोन्हीकडचे आजी-आजोबा, स्वतःची भावंडं, चुलत-मावस-आते-मामे भावंडं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: हयात असतील तर आजचं वय, नसतील तर मृत्यूचं वय आणि कारण, आणि विसरणं किंवा वागण्यातला बदल पहिल्यांदा कधी दिसला. तिसरी गोष्ट निदानाच्या तारखेवरून घेऊ नका, निदान बरंच उशिरा होतं. "पैशाचा हिशेब पहिल्यांदा कधी चुकायला लागला, ओळखीच्या रस्त्यावर पहिल्यांदा कधी चुकली, नेहमीच्या भाजीत मीठ दोनदा कधी पडायला लागलं" असं विचारा.

या कागदावर एक ठरलेली चूक होते. "बाबांकडे कुणालाच नव्हतं" असं लिहून लोक ती बाजू कोरी सोडतात. वडिलांकडचे सगळेच साठीच्या आत हृदयविकारानं, क्षयानं, बाळंतपणात गेले असतील, तर त्या बाजूबद्दल काहीच कळलेलं नसतं. कमी वयात गेलेली पिढी उत्तर देत नाही, तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढा. दुसरी चूक शब्दांची. जुन्या पिढीला निदान मिळालेलंच नव्हतं. "म्हातारचळ लागला", "भ्रमिष्ट झाले", "बुढीचं डोकं फिरलं होतं" असले शब्द घरात ऐकू आले तर तेही लिहून घ्या, त्यामागे बहुधा स्मृतिभ्रंश असतो. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीनं आपलं फार नुकसान केलंय. साठीला बुद्धी नासत नाही, आणि नासत असेल तर तो आजार आहे.

कागद भरला की वाचायचा कसा? एकाच बाजूला सलग पिढ्यांमध्ये तीन किंवा जास्त जण, आणि सुरुवात पासष्टीच्या आत, विशेषतः पन्नाशीत असेल, तर पहिल्या वाटेचा संशय घ्यावा. अशा घरानं आनुवंशिकी तज्ज्ञाला जरूर भेटावं, आणि तपासणी आधी आजारी माणसाची व्हावी, निरोगी मुलाची नाही. आजारी माणसात बदल सापडला तरच निरोगी मुलाच्या "नाही" ला अर्थ असतो. घरात एकट्या आईला, अठ्ठ्याहत्तरीत सुरू झालेला आजार असेल, तर त्या तीन जनुकांची चाचणी म्हणजे पैसे पाण्यात. आई-वडिलांपैकी एकाला असल्यानं मुलांची जोखीम सुमारे दुप्पट होते असं ढोबळपणे धरा. त्यात जनुकांचा वाटा आहे, तसा एकाच घरातल्या ताटाचा, मिठाचा आणि शाळेचाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल हमखास विचारतात. मामेबहिणीशी लग्न झालं म्हणून पहिल्या वाटेचा अल्झायमर वाढत नाही, तिथे एकच प्रत पुरते. सिकलसेलसारख्या दोन प्रती लागणाऱ्या आजारांत मात्र नात्यातलं लग्न खरंच जोखमीचं. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नका.

तरीही कुणी एपीओई चाचणी केलीच, तर रिपोर्ट वाचता यायला हवा. त्यात दोन जागा बघायच्या: आरएस४२९३५८ आणि आरएस७४१२. प्रत्येक जागी डीएनएचं टी किंवा सी हे अक्षर असतं. दोन्ही जागी टी असलेली प्रत म्हणजे ई२, पहिल्या जागी टी आणि दुसऱ्या जागी सी म्हणजे ई३, दोन्ही जागी सी म्हणजे ई४. दोन्ही जागांवर सीटी (एका प्रतीत सी, दुसरीत टी) आलं तर व्यवहारात ते ई२/ई४ धरतात. पहिलीच जागा तपासून "ई४ आहे किंवा नाही" एवढंच सांगणारे रिपोर्टही असतात. त्यात ई२ लपून राहतो, म्हणून दोन्ही जागांचा निकाल मागून घ्या. आणि नमुना देण्यापूर्वी विचार करा, कळलेलं परत 'न कळलेलं' करता येत नाही. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन यांनी स्वतःचा संपूर्ण जीनोम जाहीर केला, पण एपीओई चा भाग वगळायला सांगितला. त्यांना ते जाणून घ्यायचं नव्हतं. विम्याचाही विचार करा: अमेरिकेत २००८ चा जनुकीय भेदभावाविरुद्धचा कायदा आहे, तोही आयुर्विम्याला लागू नाही, आणि आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. माझं स्पष्ट मत आहे की निरोगी माणसानं नुसत्या कुतूहलापोटी ही चाचणी करू नये. ती खरोखर लागते ती अमिलॉइड काढणारी नवी इंजेक्शनं देण्यापूर्वी. त्यांतल्या लेकॅनेमॅब या औषधाच्या चाचणीत मेंदूला सूज येण्याचं प्रमाण ई४ नसलेल्यांत ५.४ टक्के होतं आणि दोन प्रती असलेल्यांत ३२.६ टक्के. तिथे रिपोर्टवरून निर्णय बदलतो.

बायकांकडे वळू, कारण आपल्याकडचं सर्वांत मोठं दुःख इथे आहे. लासी-डॅडमध्ये स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ९ टक्के आणि पुरुषांत ५.८, खेड्यांत ८.४ आणि शहरांत ५.३. बायका जास्त जगतात हे एक कारण, ई४ चा परिणाम ६५ ते ७५ या वयात बायकांत जास्त दिसतो हे दुसरं. पण भारतात तिसरं कारण डोळ्यांत भरतं, ते म्हणजे शाळा. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता ९ टक्क्यांच्याही आत होती, १९६१ मध्ये १५ टक्के. आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेली आजी त्या काळातली मुलगी. भाऊ शाळेत गेला आणि ही शेण-पाणी करत राहिली. शिक्षणानं मेंदूची शिल्लक वाढते आणि बिघाड सुरू झाला तरी तो बराच काळ बाहेर दिसत नाही. तिला ती शिल्लक जमवूच दिली नाही.

तीच निरक्षरता तपासणीतही आडवी येते. ओपीडीत होणारी ३० गुणांची प्रसिद्ध चाचणी शंभरातून सात-सात वजा करायला लावते, वाक्य लिहायला लावते, दोन पंचकोन काढायला लावते. कधी पेन्सिल न धरलेल्या बाईला तिथे गुण कसे मिळणार? याच अडचणीमुळे बल्लभगढच्या अभ्यासासाठी निरक्षरांना देता येईल अशी हिंदी चाचणी बनवावी लागली, आणि रोजची कामं कितपत जमतात यावर घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही. आजीला घेऊन जाणाऱ्यानं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं: शाळा किती झाली आणि कोणती भाषा सोयीची, मराठी की गोंडी की हिंदी. उलटही होतं. निवृत्त प्राध्यापक चाचणीत २९ गुण मिळवतात, पण घरी बँकेचा हिशेब वर्षभरापासून मुलगा करतोय. तिथे घरच्यांचं म्हणणं गुणांपेक्षा वजनदार.

जे बदलता येतं त्याबद्दल २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं १४ गोष्टींची यादी दिली आणि म्हटलं की जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडता येतात. त्यात ऐकू कमी येणं आणि मध्यमवयात वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) यांचा वाटा सर्वांत मोठा, प्रत्येकी ७ टक्के. कमी शिक्षण आणि एकटेपणा प्रत्येकी ५. हे आकडे लोकसंख्येचे आहेत, एकट्या माणसाचे नाहीत. त्या चौदांतलं सगळं इथे लिहीत नाही, कानाबद्दल लिहितो, कारण नागपुरात तो सर्वांत दुर्लक्षित अवयव आहे.

एप्रिल ते जून घरोघरी कूलर चालतो. पंख्याची घरघर, पंपाचा आवाज, खिडकीतून येणारा सोसाट्याचा वारा. थोडं कमी ऐकू येणाऱ्या माणसाला या गदारोळातून बोलणं वेगळं काढता येत नाही. मग आजी प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणते. संध्याकाळी विचारलं तर तिला काही आठवत नाही, कारण दुपारी ते तिच्या कानात शिरलेलंच नव्हतं. घरचे म्हणतात, विसरायला लागली. एक साधा प्रयोग करा: कूलर बंद करा, समोर तीन फुटांवर बसा, चेहऱ्यावर उजेड राहील असे बसा, आणि तीन शब्द सांगा, समजा पोळी, बैल, विहीर. ते तिच्याकडून लगेच म्हणवून घ्या, पाच मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा आणि मग विचारा. लगेच म्हणताना अडली तर कान तपासा, लगेच म्हटले पण नंतर एकही आला नाही तर स्मृती तपासा. यावरून निदान होत नाही, पण आधी कुठल्या ओपीडीत जायचं ते कळतं.

कानात मळ असेल तर तो आधी काढून घ्या, मग ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी. श्रवणयंत्र घेतलं आणि पेटीत पडून राहिलं, असं फार घरांत दिसतं. पहिल्या दिवशीच लग्नाच्या हॉलमध्ये घालून नेलं की ते कायमचं उतरतं. सुरुवातीला घरात शांत वेळी दोन-तीन तास, मग तीन-चार आठवड्यांत दिवसभर. बटण बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. कूलरच्या ओलाव्यानं यंत्र लवकर बिघडतं, रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्यांना श्रवणयंत्राचा फायदा दिसला नाही, पण जोखीम जास्त असलेल्या ज्येष्ठांमध्ये तीन वर्षांत बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. घरात अल्झायमर असलेल्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

रक्तदाब चाळिशीपासून बघायचा, वरचा आकडा १३० च्या आत ठेवायचा. मोजताना पाच मिनिटं शांत बसणं, पाय जमिनीला टेकलेले, पट्टा छातीच्या पातळीला, आधी अर्धा तास चहा, तंबाखू, खर्रा काही नाही. खर्ऱ्यातलं निकोटीन दाब आणि नाडी दोन्ही वाढवतं, त्यामुळे तोंडात खर्रा ठेवून घेतलेलं माप धरू नका. डोक्याचा मारही त्या यादीत आहे. हेल्मेट कोपराला अडकवून वर्धा रोडवर गाडी हाकणाऱ्यांनी ते डोक्यावर घालावं आणि पट्टा बांधावा.

आणि विसरणं म्हणजे अल्झायमरच, असं धरण्यापूर्वी सुधारता येणाऱ्या गोष्टी बघाव्यात. बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन एवढं रक्त आणि मेंदूचा एक सीटी किंवा एमआरआय. शाकाहारी घरात वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ खाली जातं. ४५ अंशांच्या मे महिन्यात, दाबासाठी लघवीची गोळी चालू असलेल्या वडिलांचं सोडियम उतरतं आणि दोन दिवसांत ते बरळायला लागतात. दोन दिवसांत आलेला गोंधळ अल्झायमरचा नसतो, त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्या. महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये पडल्याचं कुणी सांगत नाही, आणि सीटीत कवटीखाली साठलेलं रक्त निघतं. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही स्मृती मंदावते.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किंवा खासगी मेंदूविकार तज्ज्ञाकडे जाताना हे बरोबर न्या: तीन पिढ्यांचा तो कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (आयुर्वेदिक आणि मेडिकल स्टोअरमधून आणलेल्याही), चष्मा, श्रवणयंत्र, जुने रिपोर्ट आणि रोज सोबत राहणारं माणूस. बाहेरगावचा मुलगा एकटाच आला तर निम्मी माहिती घरीच राहते. आणि हे जमेपर्यंत ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आजीला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे.